ज्या समुद्राला भरती नाही

दोन हजार चोवीस साल. पासपोर्टावर मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. खरं वय आईला माहीत होतं, ते ती सांगून गेली नाही. शाळेत घालताना मास्तरांनी माझी उंची बघून जन्मतारीख टाकली, आणि चौथीनंतर त्या शाळेला माझी आणि मला त्या शाळेची गरज पडली नाही. तर त्या वर्षी, त्या वयात, मला समुद्र दाखवायला नेलं. मला! जन्म रत्नागिरीच्या खाडीकाठचा, जवानी शारजाच्या धक्क्यावर गेली, नोकरीची शेवटची वर्षं हमरिया बंदरात टगबोटीवर काढली, आणि मुलाने मला विमानात घालून परक्या मुलुखात नेलं, तर काय बघायला? पाणी.

आज हे आठवलं ते आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमुळे. जून लागला की शारजात दोन गोष्टी तापतात, नळाचं पाणी आणि लोकांची डोकी. नळ सोडला की सरळ चहाची पत्ती टाकावी असं पाणी येतं. काचेला बाहेरून घाम फुटतो. शाळा सुटायच्या आत बॅगा खाली उतरायला लागतात, आणि लिफ्टमध्ये माणसाला उभं राहायला जागा नसते. काल चौथ्या मजल्यावरचे पुण्याचे गृहस्थ भेटले. म्हणाले, "चाचा, आम्ही यंदा ग्रीस करतोय. जॉर्जिया झालं, बाकू झालं. तुमचं टर्की गेल्या वर्षी झालं ना?" मी म्हटलं, झालं. ह्यांचे देश होतात. भांडी झाली, धुणं झालं, टर्की झालं. घासून पुसून पालथे घातले की पुढचा देश.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"ओलं होतं," मी म्हटलं, आणि माझा मजला आला.

खरं सांगायचं तर मला कुठेही जायचं नव्हतं, मला फक्त गावी जायचं होतं. दरवर्षी मे महिन्यात मी एकटा जातो. मुलाचं मत आहे की मी आंब्यांसाठी जातो. त्या वर्षी मे महिन्यात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डॉक्टरीणबाईंनी धूळ नको, वाकणं नको, ओझं नको, असं सगळंच नको म्हणून सांगितलं, आणि माझं तिकीट रद्द झालं. मला कुणाकडे काही मागायची सवय नाही. बोटीवर सुकाणूजवळ उभं राहून चाळीस वर्षं गेली, तिथे मागितलेलं काही मिळत नाही.

मग जूनमध्ये एका शुक्रवारी जेवताना इम्तियाजने, म्हणजे माझ्या मुलाने, विषय काढला. त्याचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्सला आहे. सकाळ-संध्याकाळ शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये बसून बसून त्याला असं झालंय की गाडी नाही ती जागा म्हणजे स्वर्ग.

"अब्बा, जुलैत टर्की फायनल केलंय. तुम्हीपण आहात."

"मला गावी जायचंय."

"जुलैत? आता गावात काय आहे? आंबे पण संपले."

आंबे! मी पापलेटाचा काटा बाजूला काढला.

"डॉक्टर धूळ नको म्हणाल्यात ना," सून म्हणाली. शबाना मुलगी चांगली आहे, पण डॉक्टरचा शब्द तिला पाठ असतो.

"पावसात कसली धूळ?"

"मग चिखल नको."

नात झोया, तेव्हा बारा वर्षांची, मोबाईल माझ्या ताटावर धरून म्हणाली, "दादा, कमॉन! लुक ॲट दिस. इट्स सो ब्लू."

"आपल्या खाडीचं पाणी बघितलंस ना तू? ते काय कमी आहे?"

"आय डोन्ट रिमेंबर," ती म्हणाली. तिची चूक नाही. ती तिथे गेली तेव्हा चार वर्षांची होती.

"खलास, तिकिटं झाली," इम्तियाज म्हणाला, आणि भात वाढून घेतला.

आता तो भूमध्य समुद्र. नावातच काय ते आलं. चारी बाजूंनी जमीन, मध्ये हे पाणी. अंताल्याच्या विमानतळावरून दोन तास डोंगर-वळणं घेत गेलो. हॉटेल किनाऱ्यावर होतं. किनारा म्हणजे वाळू असेल असं कुणालाही वाटेल, पण होते गोटे. अंड्याएवढे, बटाट्याएवढे, पायाला टोचणारे. लोक रबरी बूट घालून पाण्यात उतरत होते, लुटूलुटू, जशी कोंबडी शेणातून चालते. त्या गोट्यांवर बाकडी मांडलेली, रांगेने, एकेकावर एक छत्री, आणि प्रत्येकावर एक गोरा माणूस पालथा. उकडून लालभडक झालेली शेवंड बघितली आहे कुणी? तोच रंग. एक बाजू झाली की दुसरी. मी जन्मभर ऊन चुकवायला फडकं बांधलं, आणि ही माणसं पैसे देऊन भाजून घेत होती.

आणि ती बाकडी अडवायला माणसं अंधारात उठून टॉवेल टाकून येत होती. फजरच्या नमाजाला मी उठायचो तेव्हा खिडकीतून दिसायचं, कोण म्हातारा लपतछपत चाललाय, काखेत टॉवेल. एवढ्या पहाटे तो जर नमाजाला उठला असता तर जन्नतमध्ये त्याला पहिली रांग मिळाली असती. इथे मिळालं काय, तर छत्रीखालचं बाकडं.

पण माझा खरा राग होता त्या पाण्यावर. पहिल्या दिवशी सकाळी मी एका दगडाकडे बघून ठेवलं. पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. दुपारी बघितलं, कमरेला. संध्याकाळी बघितलं, तिथेच. एखादं बोट इकडे तिकडे. इम्तियाजला विचारलं, भरती कधी असते इथे? त्याने मोबाईलमध्ये बघून सांगितलं, "अब्बा, इथे भरती-ओहोटी नसल्यासारखीच असते." मग त्याला समुद्र कशाला म्हणायचं? ती टाकी झाली. आमच्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा घर सोडून जातं आणि दोनदा परत येतं. जातं तेव्हा चिखलात कालवं उघडी पडतात, बायका कोयत्या घेऊन उतरतात, बगळे येतात, अख्ख्या गावाला तो वास येतो, आणि येतं तेव्हा होड्या आपोआप उचलल्या जातात. गेलेलं परत येतं हे आम्हाला कुणी शिकवायला लागलं नाही. आणि ह्यांच्या समुद्राला वास नाही. नाकाला क्रीमचा वास येतो, माणसांनी अंगाला फासलेल्या.

जेवण म्हणजे टेबलावर अख्खं गाव जेवेल एवढं मांडलेलं, आणि त्यात जेवायला काही नाही. कडू निंबोळ्या मिठात घालून ठेवतात, त्यांना ऑलिव्ह म्हणतात, आणि त्यातही दहा प्रकार. चहा एवढ्याशा ग्लासात, बिनदुधाचा. एके दिवशी मासा आला. आख्खा, भाजलेला, पांढराफटक. वर लिंबाची फोड. ना हळद, ना तिखट, ना कोकम, नुसता निजवलेला. मी म्हटलं, ह्याला आंघोळ घातली आहे, आता कफन तेवढं राहिलं.

"अब्बा, जेवताना काय बोलता!" शबाना म्हणाली, आणि पर्समधून लोणच्याची बाटली काढून हळूच माझ्या बाजूला सरकवली. म्हणून म्हटलं, मुलगी चांगली आहे.

ते कफनाचं माझ्या तोंडातून उगाच गेलं नव्हतं. त्या दिवसांत माझ्या डोक्यात तेच होतं. बाहेर लख्ख ऊन, निळं पाणी, आणि मला दिसत होता आमच्या गावचा जुलै. खाडीवरून आडवा येणारा पाऊस, आणि उतारावरचं आमचं कब्रस्तान. तिथे कबरी मातीच्या असतात, बाजूने जांभ्या दगडांची कड. नाव लिहायची पद्धत नाही. मेलेल्या माणसाला नाव कशाला, अल्लाला माहीत असतं. पण पाऊस अल्लाचाच असला तरी तो माती ओढून नेतो. म्हणून मृगाच्या आधी घरचं माणूस जातं, दोन-चार घमेली माती ओढतं, निसटलेले दगड परत ठोकून बसवतं, सब्जाचं रोप लावतं. एक पावसाळा चुकला तर कबर बसते. दुसरा चुकला तर सपाट होते. मग कुणीतरी गावात मरतं, आणि जागा रिकामी समजून लोक तिथेच खणतात. कुणी वाईट मनाने नाही करत. गाव लहान, जागा कमी.

माझी बायको तिथे आहे. सहा वर्षं. दर मे महिन्यात मी ज्या आंब्यांसाठी जातो ते हे.

गावात माझा चुलतभाऊ आहे, त्याला फोन करता आला असता, असं कुणी म्हणेल. काय सांगू फोनवर? माझ्या बायकोवर माती टाक? माझे हात काय झडले? आणि त्याला तरी कुठली ते कसं सांगणार. खुणा सगळ्या माझ्या डोक्यात. म्हणजे त्या वर्षी मी गेलो नाही तर ती बसणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी असलो नसलो तर ती गेलीच. हे डोक्यात घेऊन मी छत्रीखाली बसलो होतो, आणि एक पोरगा दर अर्ध्या तासाने येऊन मला थंड सरबत पाहिजे का विचारत होता.

पाचव्या दिवशी अवशेष बघायला नेलं. अवशेष हा इम्तियाजचा शब्द नाही, तो रुइन्स म्हणतो. मी त्याला पडझड म्हणतो. पडझड बघायला तिकीट होतं. शबानाने युरोचे दिरहम केले, दिरहमचे रुपये केले, आणि आकडा तोंडाबाहेर काढला नाही. आत सगळे खांब आडवे. उभे होते ते लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले, मोडका पाय प्लास्टरमध्ये असावा तसे. एक गोल उतरंडीचं थिएटर होतं, दगडी पायऱ्यांचं. शेकडो माणसं त्यावर बसून खाली बघत होती, आणि खाली काही चाललं नव्हतं. गाईड म्हणून एक तरणा मुलगा होता, हातात बंद छत्री. तो कुठल्याही दगडाला छत्री लावायचा आणि तिथे राजा निघायचा. बाजार कुठे होता, हमाम कुठे होता, सगळं त्याला माहीत. माणसं कुठे गेली ते कुणी विचारलं नाही.

माणसं तिथेच होती. थोडं पुढे, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेला, दोन्ही बाजूंना दगडी पेट्या. माणसाच्या लांबीच्या, वर उताराचं झाकण. कबरी! झाकणं फोडून आतलं केव्हाच लुटून नेलेलं. एका पेटीत कोल्ड्रिंकचे डबे पडले होते. एकीवर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. एक बाई चक्क आत उतरून आडवी झाली, हात छातीवर, डोळे मिटून, आणि नवरा वरून फोटो काढत म्हणत होता की हनुवटी वर कर. मला इंग्रजी येत नाही, पण बोटाने काय दाखवतोय ते कळतं. एवढे शिकलेले लोक, एवढ्या लांबून आलेले, आणि मेलेल्याच्या अंगणात कसं वागावं हे एकालाही घरी कुणी सांगितलेलं नाही. मी घोळक्यातून बाहेर पडलो आणि डोंगराच्या बाजूची वाट धरली.

वर झाडीत एक लहानशी दगडी खोली दिसली. चौकोनी, वर घुमटासारखं. दाराजवळ दिवा ठेवायचा कोनाडा. बाजूच्या झुडपाला चिंध्याच चिंध्या बांधलेल्या, लाल, पांढऱ्या, हिरव्या. आत एक कबर, झाकण शाबूत. माझ्या जिवाला गार वाटलं. म्हटलं, चला, आपला एक माणूस भेटला. आमच्याकडे खाडीच्या तोंडावर पीर आहे तो हुबेहूब असाच, तसाच कोनाडा, तशाच नवसाच्या चिंध्या. टर्की मुसलमानांचा मुलूख, इथे पीर असणारच. मी चपला काढल्या, डोक्याला रुमाल बांधला, उंबऱ्याशी सलाम केला, आणि हात उचलून फातेहा वाचली. पहिल्यांदा त्या सगळ्या सफरीत मला बरं वाटलं.

हात तोंडावरून फिरवून वळलो तर घोळका मागून आलेला. गाईड हसू दाबत होता. झोयाने बाजूची पाटी वाचली.

"दादा! ओ माय गॉड. दिस इज अ रोमन गाय. ही वॉज लाइक, अ रिच ऑइल मर्चंट."

"कोण?"

"तेलाचा व्यापारी होता, अब्बा," शबाना म्हणाली, ओढणी तोंडाला लावून. "रोमन. आपल्या पैगंबरांच्याही आधीचा."

"मग ह्या चिंध्या?"

झोयाने गाईडला विचारलं. "टूरिस्ट्स टाय देम, दादा. फॉर लक." नीट बघितलं तर त्यात कुणाच्या बॅगेचा बंद होता, कुणाचा टिश्यू पेपर.

गाईड काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. झोयाने मला सांगितलं, "ही सेज, ह्या माणसासाठी कुणी पहिल्यांदाच प्रेअर केली."

"त्याला सांग," मी चपला घालत म्हटलं, "पहिल्यांदाच केली ही तुमच्या लाजेची गोष्ट आहे, माझ्या नाही. आणि वाचली ती वाचली. आमच्यात फातेहा परत घेत नाहीत. रोमन तर रोमन."

ती हे सगळं इंग्रजीत कसं सांगणार, देव जाणे. पण मी पुढे झालो तेव्हा बघितलं, इम्तियाज हसत नव्हता. तो माझ्या मागे दोन हातांवर उभा होता, अनवाणी, बूट बाजूला काढून ठेवलेले. हात अजून अर्धवट वर होते. त्यानेही वाचली होती.

संध्याकाळी तो गोट्यांवर माझ्या बाजूला येऊन बसला. बायका खोलीत होत्या. तिकडे सूर्य लवकर बुडायला तयार नसतो. त्याने दोन ग्लास चहा आणला होता, तोच बिनदुधाचा.

"तू कशाला हात उचललेस?" मी म्हटलं. "तू शिकलेला. पाटी समोर होती."

"तुम्ही उभे होतात म्हणून."

"मी विहिरीत उडी टाकली असती तर?"

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्याने एक गोटा उचलला, पाण्यात टाकला.

"मी गावाला असंच करतो, अब्बा."

"असंच म्हणजे?"

"फाटकातून आत जातो. थोडं चालतो. मग जी समोर येईल तिच्यापुढे उभा राहतो." त्याने दुसरा गोटा उचलला. "आईची कुठली ते मला माहीत नाही. दोनदा गेलोय. दोन्ही वेळेला वेगळ्या कबरीपुढे उभा होतो, एवढं मला नक्की कळलं."

ती गेली तेव्हा मी गावात होतो आणि तो शारजात. आमच्यात मयत ठेवत नाहीत, दुपारी गेली ती मगरिबच्या नमाजाआधी, सूर्य बुडायच्या सुमाराला, मातीत. तो दुसऱ्या दिवशी पोचला. लोक घरात बसलेले, हा बाहेरून आलेला, हातात बॅग. त्याने विचारलं नाही आणि मी दाखवलं नाही.

"विचारायचंस की कुणाला तरी."

"कुणाला? मुलाला आईची कबर माहीत नाही, हे गावभर करायचं होतं का?"

"मला विचारायचंस."

"तुम्हाला?" तो म्हणाला.

समोर ते पाणी तसंच. पुढे येईना, मागे जाईना. मला त्याचा राग आला, मग मुलाचा आला. जुमेरा लेक टॉवर्सच्या पार्किंगमध्ये कुठल्या मजल्यावर कुठल्या खांबाशी आपली गाडी आहे ते ह्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. मोबाईलमध्ये जगातलं प्रत्येक हॉटेल बोटावर. आणि सहा वर्षं ह्याला तोंड उघडून एक वाक्य बोलता आलं नाही. मी सांगितलं नाही, असं म्हणणारे म्हणतील. का सांगू? जनाजा चुकलेल्या मुलाला हाताला धरून दाखवायचं, ही बघ, तुझ्याशिवाय आम्ही हिला इथे ठेवली? ते मी करणार नव्हतो. त्याने विचारावं, ही माझी अपेक्षा होती, आणि ती चुकीची होती असं मी आजही म्हणत नाही.

पण चहा थंड होईपर्यंत मी तिथे बसलो होतो, आणि एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून हलत नव्हती. माझा मुलगा कुणा भलत्याच्या कबरीपुढे हात उचलून उभा आहे, आणि तिकडे चार कबरी पलीकडे त्याची आई.

दुसऱ्या दिवशी बोटीने एक बुडालेलं गाव बघायला जायचं ठरलं होतं. सकाळी फजर पढून मी तसाच वर गेलो आणि इम्तियाजच्या खोलीचं दार वाजवलं. दोनदा, जोरात. डोळे चोळत आला.

"काय झालं, अब्बा? छातीत दुखतंय?"

"छातीला काय धाड भरलीय! मुंबईची तिकिटं बघ. दोन. तुझं आणि माझं."

"मुंबईची? आता? बोटीचं बुकिंग आहे—"

"बोटीवर त्या दोघींना पाठव. बुडालेलं गाव त्या बघतील."

तो चौकटीला धरून उभा राहिला. माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"तिकडे धो धो चाललंय, अब्बा," तो म्हणाला, आवाज खाली आणून. "ह्या पावसात माती टिकणार नाही."

"दगड टिकतील. दगड बसवू. कुठले ते मी दाखवतो."

तो मोबाईल आणायला आत वळला. कमरेला पोपटांचं चित्र असलेली अर्धी चड्डी, गुडघे उघडे.

"आणि हे पोपट काढ आधी," मी म्हटलं. "धड पँट घाल. आईकडे जायचंय."